मदत हवी आहे : रोव्हर्स कपमध्ये मुंबईच्या संघांची निवड कशी व्हायची?

मुंबईतल्या जुन्या रोव्हर्स कप फुटबॉल स्पर्धेवर दीर्घ लेख लिहितोय. 1891 ला सुरू झालेली स्पर्धा, पहिला मान वूस्टरशर रेजिमेंटचा, मग बरीच वर्षं गोऱ्या पलटणींचंच राज्य. 1937 ला बंगलोर मुस्लिम्सनी ते मोडलं, पुढे 1950 ते 54 सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलीस. इथपर्यंत सगळं जमलंय. विजेत्यांची यादी कृपया नको, ती कुठेही मिळते.

अडलंय ते स्थानिक संघांपाशी. कलकत्ता, हैदराबादच्या नामांकित संघांना आमंत्रण जायचं, हे समजू शकतो. पण 1958 ला कप जिंकणाऱ्या कॅलटेक्ससारख्या मुंबईच्या कंपनी-संघांना प्रवेश कसा मिळायचा? मुंबईच्या स्थानिक फुटबॉल लीगमधल्या, म्हणजे हारवूड लीगमधल्या, क्रमांकावर, आधी पात्रता सामने खेळून, की आयोजकांच्या मर्जीवर? (मला शंका तिसऱ्याचीच आहे, पण शंकेवर लेख उभा राहत नाही.)

जुन्या इंग्रजी दैनिकांची कात्रणं पाहिली. त्यांत निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावं असतात, नियम नसतात. दोन-तीन जुन्या खेळाडूंशी बोललो, पण ते सगळे सत्तरच्या दशकातले. मला 1950 ते 1960 एवढाच काळ हवाय.

मी नाशिकला असतो, मुंबईत फक्त शनिवारी येऊ शकतो. मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल, श्रेय नक्की देईन.

मुंबईच्या कूपरेज फुटबॉल मैदानावर विकली जाणारी त्या काळातली स्पर्धेची माहितीपुस्तिका किंवा नियमपत्रक कुणाच्या घरी आहे का? नसल्यास, मराठी दैनिकांचे त्या वर्षांचे क्रीडापानांसह अंक शनिवारी कुठल्या ग्रंथालयात बघायला मिळतील?