शब्दचर्चा: भूल, गुंगी, बधिर आणि 'ग्रीन फॉर डेंजर'

प्रश्न: आमच्या चित्रपट मंडळात 'ग्रीन फॉर डेंजर' (१९४६) दाखवायचा आहे. दिग्दर्शक सिडनी गिलिएट, मूळ कादंबरी क्रिस्टियाना ब्रँड यांची. मराठी टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. काळ ऑगस्ट १९४४. इंग्लंडच्या ग्रामीण भागातलं हॉस्पिटल, डोक्यावर जर्मनांचे व्ही-१ उडते बॉम्ब. जखमी पोस्टमन हिगिन्स शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावतो आणि पहिलं बोट उठतं ते डॉ. बार्न्सवर (ट्रेव्हर हॉवर्ड). मी त्याला 'भूल देणारा डॉक्टर' म्हटलं. मंडळातल्या एकांनी ते खोडून 'बधिरीकरणतज्ज्ञ' केलं. 'भूल' म्हणे बोलीतला शब्द, छापील मजकुरात नको. काय ठेवू? आणि त्या बॉम्बच्या आवाजाला नेमकं काय म्हणू?

उत्तर: 'भूल'च ठेवा, आणि एकच शब्द हवा तर 'भूलतज्ज्ञ' लिहा. हॉस्पिटलच्या पाट्यांवर तो सर्रास असतो. 'बधिर' इथे चुकतो. दाताचा डॉक्टर हिरडी बधिर करतो. तेवढी जागा बधिर होते, माणूस टक्क जागा असतो. हिगिन्सची सगळी शुद्धच हरपलेली आहे. 'गुंगी'ही नको. गुंगी औषधाने येते, जागरणानेही येते, आणि हाक मारली की माणूस हुंकार तरी देतो.

उत्तर: वरच्या मताशी पूर्ण सहमत. शिवाय 'भूल' एकटा येत नाही, क्रियापद घेऊन येतो आणि त्यावर अर्थ बदलतो. डॉक्टर भूल *देतात*, रुग्णाची भूल *उतरते*. रूपाची, पैशाची भूल *पडते*. हातून भूल *होते* ती चूक. रानात वाट चुकवते ती रानभूल. या चित्रपटात हे सगळे अर्थ कामाला येतात. बार्न्सच्या हाताखाली पूर्वी एक रुग्ण गेलेला असतो, त्यामुळे भूल देताना पुन्हा भूल झाली, अशी कुजबुज लगेच सुरू होते. तो अपघात नव्हे, खून होता, असं नाचाच्या कार्यक्रमात सिस्टर बेट्स सगळ्यांसमोर बोलून जाते आणि त्याच रात्री तिचाही मुडदा पडतो. 'बधिरीकरण' लिहिलंत तर यातलं काहीही हाती लागणार नाही.

उत्तर: आवाजाबद्दल. विमानांची 'घरघर' आपण नेहमी लिहितो. जात्याची घरघर, मोटारीची घरघर. पण मरणाऱ्याच्या घशातलीही घरघरच, म्हणून बंद पडत चाललेल्या गिरणीला 'घरघर लागली' म्हणतात. व्ही-१ चं गणित याच्या उलट होतं. १३ जून १९४४ पासून ते लंडनवर आणि आग्नेय इंग्लंडवर पडू लागले. आत वैमानिक नाही, ठरलेलं अंतर कापलं की यंत्र खाली सूर मारायचं आणि बहुतेकदा त्याच वेळी इंजिन बंद पडायचं. घरघर चालू आहे तोवर खालचा माणूस वाचलेला, ती थांबली की धास्ती. म्हणून टिपणात 'घरघर लागली' हा वाक्प्रचार अजिबात वापरू नका. 'घरघर थांबली' एवढंच लिहा. चित्रपटातही आवाज तुटल्यावरची ती शांतताच अंगावर येते. 'स्फोटांचा गडगडाट' वगैरे लिहून ती घालवू नका.

उत्तर: नावाबद्दल कोणीच बोललं नाही. (रहस्य फुटू नये असं वाटणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडावा.) आपल्याकडे धोक्याचा रंग लाल, हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर हिरवं असे आणि ऑक्सिजनचं काळं, वर पांढरा गळा. काळ्या अंगाची, पांढऱ्या गळ्याची ती सिलिंडरं करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपणही पाहिली. खुनी रंगाचा डबा वापरतो, एवढं सांगितलं की पुरे. म्हणून नावाचं भाषांतर करू नका, 'हिरवा धोका' केलंत तर कीटकनाशकाची जाहिरात वाटेल. टिपणात 'प्राणवायू' मात्र जरूर लिहा. रुग्णाच्या नाकातोंडावर मुखवटा धरून प्राणवायूऐवजी दुसरंच काही सोडलं जातं, यातली क्रूरता 'ऑक्सिजन'पेक्षा त्या शब्दात जास्त पोचते.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार. 'भूलतज्ज्ञ', 'घरघर थांबली' आणि 'प्राणवायू' घेते. रंगाबद्दल टिपणात अवाक्षर नाही. अ‍ॅलिस्टर सिमच्या इन्स्पेक्टर कॉकरिलसाठी 'तिरसट' लिहिलं होतं, ते काढून 'खवचट' करते आहे. तो चिडत नाही, समोरच्याला टोचून बोलतं करतो.