मणक्यातली ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची गाठ: सुईने जाळायची की उघडून काढायची?

जुळे_सोलापूर:
पुतण्या १४ वर्षांचा आहे. सात महिने कंबर दुखते, रात्री जास्त. नॅप्रोक्सेन (दुखणं-सूज कमी करणारी गोळी) घेतलं की थांबते. पाठीला बाक येऊन ती डावीकडे झुकलीये. एमआरआयमध्ये एल-३ (कंबरेचा तिसरा मणका) भोवती सूज दिसली म्हणून आधी टीबीची शंका होती. सीटीत डाव्या लॅमिनात (मणक्याच्या मागच्या कमानीत), फॅसेट सांध्यालगत (दोन मणक्यांना मागून जोडणारा सांधा) ९ मिमीचा निडस, म्हणजे गाठीचा गाभा, सापडला. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात. एक डॉक्टर आरएफए (सुईतून उष्णता देऊन गाठ जाळणं) सांगतात, दुसरे ऑपरेशन. कशावरून ठरवायचं? स्क्रू लागतील का?

बाळीवेस:
ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, म्हणजे हाडातली लहान, कॅन्सर नसलेली गाठ, हे निदान जुळतंय. निडस बहुतेक वेळा बाकाच्या आतल्या बाजूला असतो, तुमच्याकडेही तसंच आहे. एमआरआयमध्ये सूज एवढी पसरलेली दिसते की मधला निडस हरवतो, म्हणून १ मिमी जाडीच्या कापांचा सीटी महत्त्वाचा. गाठ २ सेंमीपेक्षा मोठी असती तर ऑस्टिओब्लास्टोमा (याच जातीची मोठी गाठ) धरून चालावं लागलं असतं. ती वाढत जाते, पुन्हा उद्भवते, तिचं ऑपरेशनही मोठं.

आता आरएफए. सुईचं टोक साधारण ९०° सेल्सिअसला पाच-सहा मिनिटं ठेवतात. ही उष्णता हाडाबाहेरही पसरते. म्हणून रेडिओलॉजिस्टना दोनच गोष्टी विचारा: निडसपासून नस किती मिलिमीटरवर आहे, आणि मधली हाडाची भिंत शाबूत आहे का? भिंत शाबूत आणि अंतर पुरेसं असेल तर आरएफए उत्तम, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी. अंतर कमी असेल तर नसेभोवती ५ टक्के डेक्स्ट्रोज सोडून तिला जपता येतं. सलाइन चालत नाही, त्यातून वीज वाहते. नस अगदी चिकटून असेल तर मात्र उघडूनच काढावं.

मणका_विभाग:
उघडून काढताना फसतं ते बहुतेक दोन ठिकाणी.

पहिलं, मणका चुकणं. वरून हाड नेहमीसारखंच दिसतं, त्यामुळे सी-आर्मवर (ऑपरेशन टेबलावरचं एक्स-रे मशीन) खूण करूनच पुढे जायचं. दुसरं, निडस अर्धवट राहणं. भोवतीचं कडक हाड बरने (हाड घासणारं फिरतं यंत्र) थर-थर घासत जायचं, लालसर दाणेदार भाग, म्हणजे निडस, दिसला की बर थांबवून क्युरेटने (चमच्यासारखं हत्यार) खरवडायचं. सगळंच बरने उडवलं तर पॅथॉलॉजीला पाठवायला तुकडाच उरत नाही. नंतर पोकळीच्या भिंती आणखी १-२ मिमी घासायच्या. ड्यूराजवळ (नसांभोवतीचा पडदा) हिऱ्याच्या कणांचा डायमंड बर वापरायचा, नाहीतर तो पडदा फाटतो. पेशंटला पालथं झोपवताना पोट मोकळं लोंबतं ठेवलं तर रक्तस्राव बराच कमी होतो.

स्क्रूचं गणित फॅसेटवर आहे. सांधा निम्म्याहून जास्त गेला किंवा पेडिकल (कमान मणक्याला जोडणारा हाडाचा खांब) काढावं लागलं तरच स्क्रू. वाढत्या वयात उगाच फ्यूजन (मणके कायमचे जोडून टाकणं) नको, सर्जनना हे आधीच स्पष्ट विचारा.

रात्रीचं दुखणं काही दिवसांतच थांबायला हवं. तेच दुखणं तसंच राहिलं तर निडस राहिला समजून पुन्हा सीटी करायचा. बाक सरळ व्हायला महिने लागतात. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण १५ महिन्यांच्या आत गाठ निघाली तर तो आपोआप जाण्याची शक्यता चांगली, म्हणून अजून वर्षभर गोळ्यांवर काढू नका.

होटगी_रोड:
हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर नुसत्या फिल्म नेऊ नका, सीटीची सीडी न्या. मिलिमीटर तिच्यावरच मोजता येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का, ते दाखल होण्याआधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा मदतनीस) विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.