नवं किंग सिको: चेहरा १९६५ चा, अचूकता कुठल्या सालची?

लंबक

'दुपारचा_चहा' यांच्या परीक्षणाखालीच चार ओळी टाकणार होतो, पण लिहिता लिहिता प्रकरण वाढलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिको कंपनीने आपल्या १९६५ च्या किंग सिको घड्याळाचं नवं रूप काढलंय. ते ३७ मिमीचं नवं किंग सिको वापरून त्यांनी निकाल दिलाय: '१९६५ च्या घड्याळातलं चांगलं ते सगळं यात आलंय, वाईट ते गेलंय. आता जुनं शोधत फिरणं म्हणजे निव्वळ मिरवण्याची हौस.'

पहिलं वाक्य मला पटत नाही. शेवटच्या वाक्याने मात्र डोकं फिरलं.

रूप सुरेख उतरलंय, हे आधीच कबूल करतो. पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या धारा सपाट आणि तीक्ष्ण आहेत, आणि बाराच्या खुणेवर ती बारीक जाळीदार कटाईही आहे. मनगट जरा कललं की ती एकच खूण बाकीच्या अकरांपेक्षा वेगळी चमकते. तारखेची खिडकी काढली तेही बरं केलं. २०२१ च्या ३,००० नगांच्या आवृत्तीत ती तीनच्या जागी होती आणि मूळ डायलची सगळी शिस्त बिघडवत होती.

पण किंग सिको जन्मलं कशासाठी? एकाच कंपनीचे दोन कारखाने एकमेकांवर चढाओढ करत होते. नागानोतल्या सुवाने १९६० साली ग्रँड सिको काढलं, लगेच १९६१ ला तोक्योतल्या दाइनीने किंग सिको काढलं. पुढच्या केएसकेमध्ये, म्हणजे १९६५ च्या त्या किंग सिकोत, चावी ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबायचा, म्हणजे रेडिओच्या ठोक्यावर सेकंद जुळवता यायचा. ज्याला सेकंदाची पर्वा नाही तो कारखाना ही सोय कशाला करेल? हीच माणसं न्यूशातेल आणि जिनिव्हाच्या वेधशाळांत स्विसांच्या घरात जाऊन अचूकतेच्या स्पर्धेला उतरत होती. १९६८ ला जिनिव्हात पहिले तीन क्रमांक क्वार्ट्झने, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांनी नेले, आणि चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सिकोची यांत्रिक घड्याळं होती.

आणि त्या नावाच्या आजच्या घड्याळात ६आर३१ यंत्र. कंपनीनेच छापलेली हमी: दिवसाला +२५ ते −१५ सेकंद. वरच्या टोकाला चाललं तर आठवड्यात जवळपास तीन मिनिटं पुढे, आणि तरीही ते हमीत बसतं. बाजारात आलं तेव्हा किंमत सुमारे १,७०० डॉलर. चेहरा घेतला, नाव घेतलं, आणि ते घड्याळ ज्या एका गोष्टीसाठी झगडत होतं तीच सोडून दिली.

दुपारचा_चहा

माझ्याच परीक्षणावर धागा, तर उत्तर देणं भाग आहे.

एक, हमी म्हणजे शेवटची मर्यादा, रोजची चाल नव्हे. माझं घड्याळ त्याच्या कितीतरी आत चालतं. टायमिंग मशीन असलेला कुठलाही बरा कारागीर ते आणखी जवळ आणून देईल.

दोन, सेकंदकाटा थांबण्याचं तुम्ही एवढं कौतुक केलंत, तर तो ६आर३१ मध्येही थांबतो. चावीही देता येते. यंत्राचे ठोके जुन्यात तासाला १८,०००, नव्यात २१,६००. वर सत्तर तासांचा साठा, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालू. सफायर काच, १०० मीटर पाणी. जुनं घालून पावसात सायनहून कुर्ल्याला जाऊन दाखवा.

तीन, मिरवण्याच्या हौसेबद्दल. मी जुनं केएसके घेतलं होतं. विक्रेत्याच्या फोटोत मागच्या झाकणावर ढालीचं सोनेरी पदक लखलखत होतं. हातात आलं ते साधं झाकण, पदकाच्या जागी गोंदाचा वाळलेला गोल डाग. यंत्र उघडलं तर एक ब्रिज, म्हणजे चाकं धरून ठेवणारी पट्टी, दुसऱ्याच घड्याळाचा. सुटे भाग मिळेनात, पैसे परत मिळेनात. त्यानंतर 'जुन्यातच आत्मा आहे' हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकवत नाही मला.

नीलाक्षी

दोघेही गृहीत धरून चाललाय की मनगट पुरुषाचंच असतं. माझ्या हातावर ३७ मिमी नेमकं बसतं, आणि गेल्या वीस वर्षांत 'बायकांसाठी' म्हणून जे हिरेजडित बटण-घड्याळ समोर सरकवलं गेलं त्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं. त्याबद्दल कंपनीला मनापासून धन्यवाद.

माझी तक्रार सेकंदांची नाही, जाडीची आहे. बारा मिमीच्या वर! कुर्त्याच्या बाहीत अडकतं. बाजूने पाहिलं की वरची सगळी नजाकत खाली पोट सुटल्यासारखी वाटते. या जाडीत रोटरचा, म्हणजे हात हलला की आपोआप चावी देणाऱ्या चकतीचाही वाटा आहे. मूळ घड्याळ चावीचं होतं, मग नवं चावीचंच करायचं होतं ना? एका निर्णयात जाडीही गेली असती आणि लंबक म्हणतात तो मूळ स्वभावही राहिला असता.

लंबक

@नीलाक्षी, अगदी हेच. रोज सकाळी चावी देणं हा त्या घड्याळाचाच भाग होता, ती गैरसोय नव्हती.

@दुपारचा_चहा, 'कारागीर जवळ आणून देईल' हे तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. जे काम दादरचा कारागीर दुपारच्या जेवणाआधी करू शकतो ते कारखान्याने करून का देऊ नये? तुमच्या नगाची चाल चांगली निघाली हे नशीब. मी पैसे हमीचे मोजतो. २०२१ च्या आवृत्तीतल्या ६एल३५ यंत्राची हमी +१५ ते −१० होती, म्हणजे यांना येत नाही असं मुळीच नाही. पदकाचं वाईट झालं. पण लबाड विक्रेता भेटला हा १९६५ च्या घड्याळाचा दोष नव्हे.

खाडीपलीकडचा

तुमचे सतराशे डॉलर तुम्हाला लखलाभ. आमच्याकडे रत्नागिरीला पुनरुज्जीवन वगैरे काही लागत नाही. मामा कुवेतला होते, ८८ च्या गणपतीत आले तेव्हा वडिलांसाठी सिको फाइव्ह आणलं. चावी द्यायची नाही, हातात घेऊन हलवायचं आणि चालू. वडील त्यावर मासळीच्या लिलावाची वेळ बघायचे, ते गेल्यावर आता मी घालतो. एकदाच उघडलंय, मुंबईत. डायल जरा काळवंडला होता, तो नवीन करून घेतला. आता मस्त केशरी आहे. हे खरं जपानी घड्याळ, याला कुणाच्या परीक्षणाची गरज नाही.

रेडियम

खाडीपलीकडचे, राग मानू नका, पण केशरी डायलचं सिको फाइव्ह, मुंबईत रंगवलेलं, म्हणजे सरळसरळ 'मुंबई स्पेशल'. जगभरचे संग्राहक याच नावाने ओळखतात आणि चार हात लांब राहतात. जुनी ७००९ किंवा ६३०९ यंत्रं, त्यावर पोपटी-केशरी डायल छापायचा, केस बफिंगच्या चाकावर धरून सगळ्या धारा मारायच्या, आणि इंटरनेटवर 'मूळ जपानी' म्हणून फुंकायचं. तुमच्याकडे आता घड्याळाचं फक्त यंत्र जपानी उरलंय.

खाडीपलीकडचा

राग मानू नका म्हणून राग येईल असंच बोलायचं, ही कुठली पद्धत? माझ्या बापाच्या हातावर वीस वर्षं होतं ते. मी विकायला काढलेलं नाही, तुमच्याकडे किंमत मागितलेली नाही. लिलावात उभा राहणारा माणूस तुमच्या संग्राहकांना विचारून घड्याळ बांधत नव्हता.

गिरगावकर

एवढा वेळ गप्प होतो, पण रेडियम यांच्या प्रतिसादानंतर लिहिणं भाग आहे. माझे वडील घड्याळजी. गिरगावात जिन्याखाली अडीच फुटांचं दुकान, काचेखाली ट्रे, डोळ्याला भिंग. मी शाळेतून आलो की बेंझिनचा वास नाकात बसायचा. लोक डायल घेऊन यायचे, आमच्या समुद्रकाठच्या दमटपणाने फुगलेला, काळे ठिपके पडलेला. म्हणायचे, साहेब, नवीन दिसलं पाहिजे, मुलीच्या लग्नात घालायचंय. जपानहून डायल मागवायचा कुणी आणि कसा? त्या काळी परदेशी घड्याळाच्या आयातीवर किती बंधनं होती ते विसरलात काय? मग डायल रंगवून यायचा, पॅडवर अक्षरं छापून यायचा, आणि ते घड्याळ आणखी पंधरा वर्षं चालायचं. ही दुरुस्ती होती. हजारो घड्याळं भंगारात जाण्यापासून या लोकांनी वाचवली. त्यांना चोर म्हणायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला?

रेडियम

तुमच्या वडिलांना मी चोर म्हटलेलं नाही, हे आधी स्पष्ट करतो. गिऱ्हाईकाने सांगितलं आणि रंगवून दिलं, इथवर माझं काही म्हणणं नाही. पण तेच घड्याळ पॅरिसच्या किंवा साओ पावलोच्या एखाद्या पोराला 'मूळ अवस्थेतलं' म्हणून विकलं जातं, त्याला दुरुस्ती म्हणायचं? त्यामुळे आज मुंबईचं नाव घेतलं की लोक घड्याळ न बघताच नाही म्हणतात. चांगलं, न रंगवलेलं घड्याळ विकायला काढलेल्या प्रामाणिक माणसालाही तेच ऐकावं लागतं. मला लागलंय.

गिरगावकर

खोटं सांगून विकणं वाईट, हे मान्य. यापुढे एक इंचही जाणार नाही. ते विकणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. आणि एक सांगा, कंपनीने २०२२ मध्ये नवा डायल, नवी केस, वेगळ्या जातीचं यंत्र घेऊन वर १९६५ चं नाव घातलं की ते 'पुनरुज्जीवन', आणि आमच्या माणसाने जुन्या यंत्रावर नवा डायल बसवला की 'मुंबई स्पेशल'. त्या केशरी घड्याळात निदान यंत्र तरी त्या काळातलं आहे. नव्या किंग सिकोत १९६५ चा एक स्क्रू तरी आहे का?

लंबक

गिरगावकर, तुमचा प्रश्न माझ्याच बाजूचा असूनही मला अडचणीत टाकतो. फरक एवढाच की कंपनी उघड सांगते: हे नवं आहे, यंत्र ६आर३१ आहे. तिथे फसवणूक नाही. माझी तक्रार फसवणुकीची नव्हतीच, कमी मेहनतीची होती. पण न रंगवलेलं तेच खरं, असं मी यापुढे सरसकट म्हणणार नाही. वीस वर्षं लिलावात राहिलेलं घड्याळ नजरेआड करायचं म्हणजे अतीच.

दुपारचा_चहा

म्हणजे केशरी डायलला माफी आणि माझ्या नव्या घड्याळाला नाही. बरं. 'मिरवण्याची हौस' हे शब्द मी परीक्षणातून काढतो, ते जुनं घड्याळ जपणाऱ्या सगळ्यांना लागले आणि माझा राग एकाच विक्रेत्यावर होता. बाकीचं एक अक्षर बदलत नाही. चावीचं, साडेदहा मिमी जाडीचं काढा, ते मी नीलाक्षीताईंच्या आधी घेईन. पण आज विकत मिळतंय ते हे आहे, आणि रोज घालायला ते चांगलं आहे.

नीलाक्षी

आधी वगैरे नाही, रांगेत उभे राहा.

खाडीपलीकडचा

भांडण तुमचं चालू द्या. रेडियम, आता तुम्हीच सांगा, माझ्या घड्याळात जुनं काय उरलंय ते ओळखायचं कसं?

रेडियम

मागच्या झाकणावर सहा आकडी क्रमांक असेल. पहिला अंक सालाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा, ऑक्टोबरपुढे अक्षरं. दशक त्यातून कळत नाही, ते यंत्रावरून ठरवायचं. ७००९ असेल आणि पहिला अंक ७ किंवा ८ असेल, तर मामांची ८८ ची गोष्ट जुळते. मग वाराची चकती बघा. चावी एक पायरी ओढून वार फिरवत न्या. इंग्रजीच्या मधे अरबी वार येत असतील तर ती आखातात विकायच्या घड्याळाची चकती, सहसा कुणी बदलत नाही.

खाडीपलीकडचा

येतात. अरबी आहेत. लहानपणी मला वाटायचं घड्याळ बिघडलंय.

रेडियम

मग यंत्र आणि चकती बहुधा तुमच्या मामांनी आणलेलीच. डायल केशरीच राहू द्या, पुन्हा रंगवू नका. केस कुणालाही बफिंगला देऊ नका.

गिरगावकर

आणि शेवटचं तेल कधी घातलं ते आठवत नसेल तर आता घाला. मागचं रबर नवीन टाकून घ्या, खाडीची हवा आहे. काच बदलायला सांगितली तर जुनी काच परत मागून घ्या, ती मूळची असू शकते.

खाडीपलीकडचा

दादरचा तो टायमिंग मशीनवाला कोण, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.