नवा स्मार्ट पोझिशनर बसवला, तरी कंट्रोल व्हॉल्व्हचं हंटिंग (सतत हेलकावणं) थांबत नाही

रात्रपाळी_इन्स्ट्रुमेंट:
वाफेच्या लाइनवर ग्लोब टाइप कंट्रोल व्हॉल्व्ह आहे. स्प्रिंग-डायफ्रॅम ॲक्च्युएटर, एअर-टू-ओपन. जुना पोझिशनर (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह नेमक्या जागी नेणारं उपकरण) काढून हार्टवाला (4-20 च्याच तारांवर डिजिटल माहिती पाठवणारा) स्मार्ट पोझिशनर बसवला. ऑटो कॅलिब्रेशन लगेच पास झालं: 4 मिलीॲम्पियरला बंद, 12 ला निम्मा, 20 ला पूर्ण उघडा. पण लूप (फ्लो मोजून व्हॉल्व्ह हलवणारं कंट्रोल) ऑटोला टाकला की कंट्रोलरचं आउटपुट 46 ते 53 टक्क्यांत हळूहळू चढतं-उतरतं, आणि फ्लो बराच वेळ एका जागी बसून एकदम उडी मारतो. गेन (कंट्रोलरच्या प्रतिसादाचा जोर) कमी केला, इंटिग्रल टाइम (उरलेला फरक भरून काढण्याचा वेळ) वाढवला. हेलकावे लांबले, गेले नाहीत. प्रोसेसवाले म्हणतात ट्यूनिंग करा. पोझिशनरवर एकही अलार्म नाही. अजून काय बघू?

लूपचेक:
लूप मॅन्युअलला टाका, आउटपुट हलवू नका. फ्लो सरळ झाला तर हेलकावा लूपमध्येच तयार होतोय. नाही झाला तर वाफेचा दाबच हलतोय किंवा पोझिशनर स्वतः डोलतोय. एअर रेग्युलेटरचा गेजही बघा, व्हॉल्व्ह उघडताना काटा खाली येतो का.

स्टेम_आणि_ग्लँड:
आउटपुटचा आलेख त्रिकोणी आणि फ्लोचा चौकोनी, हे वर्णन वाचूनच माझा संशय स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावर) गेला. ट्यूनिंगला आता हात लावू नका. स्टेम अडकतो, इंटिग्रल आउटपुट वाढवत राहतो, पोझिशनर हवा भरत राहतो. स्टेम सुटला की साठलेला दाब त्याला गरजेपेक्षा पुढे नेतो, मग तीच कथा उलट्या दिशेने. इंटिग्रल टाइम वाढवला की हे चक्र फक्त लांबतं, तुम्हाला तेच दिसलं.

कॅलिब्रेशनचा यात दोष नाही. त्यात 0 आणि 100 ही टोकं जुळवली जातात. मधे स्टेम किती जोर मागतो हे त्यातून कळत नाही. तुमच्या पोझिशनरमध्ये प्रेशर सेन्सर असेल तर व्हॉल्व्ह सिग्नेचर काढा. व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडायचा आणि बंद करायचा, ॲक्च्युएटरमधला दाब आणि ट्रॅव्हल (स्टेम किती सरकला) यांचा आलेख घ्यायचा. जातानाची आणि येतानाची रेघ यांच्यातल्या फटीचा निम्मा भाग म्हणजे घर्षण. समजा फट 0.4 बार आहे आणि डायफ्रॅमचं क्षेत्रफळ 450 चौरस सेंटीमीटर, तर 0.2 बारच्या हिशोबाने घर्षण 900 न्यूटन झालं. स्प्रिंगची रेंज 0.2 ते 1.0 बार असेल तर तिच्या निम्म्याइतकी फट! असा व्हॉल्व्ह कितीही चांगल्या पोझिशनरला दाद देणार नाही.

फट कुठे आहे तेही बघा. सगळ्या स्ट्रोकभर सारखी रुंद असेल तर पॅकिंग (स्टेमभोवतीच्या सीलच्या रिंगा). एकाच पट्ट्यात फुगलेली असेल तर गाइड (स्टेमला सरळ ठेवणारा भाग) किंवा स्टेमवर ओरखडा. आणि कृपा करून चालू लाइनवर हे करू नका. व्हॉल्व्ह पूर्ण स्ट्रोक होणार आहे, आधी बायपासवर (बाजूच्या पर्यायी लाइनवर) घ्या आणि प्रोसेसवाल्यांची लेखी परवानगी घ्या.

लूपचेक:
एक भर. हार्टचा वेग 1200 बिट प्रति सेकंद. मल्टिप्लेक्सरवर (अनेक उपकरणं आळीपाळीने वाचणाऱ्या यंत्रावर) बरीच उपकरणं असतील तर प्रत्येकाचं ट्रॅव्हल उशिरा येतं आणि उडी ट्रेंडवर दिसतच नाही. पोझिशनरला ट्रॅव्हलचं वेगळं 4-20 आउटपुट असेल तर तेच ट्रेंडला लावा.

रात्रपाळी_इन्स्ट्रुमेंट:
मॅन्युअलला फ्लो एकदम सरळ. एअरचा काटाही जागचा हलला नाही. आज बायपासवर घेऊन सिग्नेचर काढली. फट 0.35 बार, वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखी. मेकॅनिकलकडे चौकशी केली तर कळलं, ग्लँडमधून (पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागातून) वाफ झिरपत होती म्हणून नट आवळले होते. पॅकिंग ग्रॅफाइटचं आहे. ॲक्च्युएटरचं क्षेत्रफळ नेमप्लेटवर नाही, डेटाशीट मागवली आहे. सर, नट थोडे सैल करून बघू का?

स्टेम_आणि_ग्लँड:
गरम वाफेच्या लाइनवर मुळीच नाही. झिरपण पुन्हा सुरू होईल आणि समोर माणूस उभा असेल. ग्रॅफाइटचं घर्षण टेफ्लॉनपेक्षा मुळातच जास्त. त्यात जुनी रिंग आवळली की ती स्टेमला धरून ठेवते. पुढच्या शटडाऊनला लाइन थंड आणि दाबमुक्त करून पॅकिंग बदला, स्टेम बाहेर आला की बोट फिरवून ओरखडे तपासा, नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवरच बसवा. तोवर लूपमध्ये इंटिग्रलचा डेडबँड (ज्या छोट्या फरकापर्यंत इंटिग्रल गप्प राहतो तो पट्टा) देता येत असेल तर द्या. सेटपॉइंटजवळ थोडा फरक राहील, पण व्हॉल्व्ह सतत घासणार नाही. प्रोसेसवाल्यांना तो फरक चालतो का, ते आधी विचारा.

आजची सिग्नेचर जपून ठेवा आणि नवं पॅकिंग बसल्यावर पुन्हा काढा. पोझिशनरमधला ट्रॅव्हल डेव्हिएशन अलार्म (मागितलेली आणि खरी जागा यांत फरक पडला की येणारा) किती टक्क्यांवर आणि किती विलंबाने सेट आहे तेही बघून इथे लिहा, तो गप्प राहिला म्हणजे मर्यादा सैल असणार.