सल्ला हवा: अमेरिकेच्या स्पाउस व्हिसाच्या मेडिकलसाठी लशी सांगलीत घ्याव्यात की मुंबईत?

रानजाई
नमस्कार मंडळी. नवरा ओहायोत, तिथला नागरिक. लग्नाला सव्वा वर्ष झालं, त्यामुळे माझा व्हिसा सीआर-१, म्हणजे लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतल्या जोडीदाराचा. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतल्या इंटरव्ह्यूची तारीख दिवाळीनंतरची आली आहे. मेडिकल त्याआधी, ऑक्टोबरच्या शेवटी, मुंबईतल्या पॅनल डॉक्टरांकडे (वकिलातीने नेमलेले). वय २९, राहते सांगलीला.

अडचण अशी की लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड २०१९च्या पुरात गेलं. कपाट तीन दिवस पाण्यात होतं, हाती नुसता लगदा आला. पाचवीत असताना कांजिण्या झाल्या होत्या, त्याचाही कागद नाही. लशी इथे घेऊन जाऊ की तिथे एकदम टोचून घेऊ? लशींचा खर्च दहा हजारांच्या आत बसवायचा आहे, मेडिकलची फी वेगळी धरली आहे.

घाटमाथा
डोळे मिटून मुंबईत घे. माझे चौदा हजार गेले, पण एका दिवसात विषय संपला. पैशाकडे बघू नकोस, व्हिसा अडकला तर तिकिटाचे किती जातील त्याचा विचार कर. आणि कोविडचं सर्टिफिकेट विसरू नकोस, ते लागतंच. मी २०२३ला गेलो होतो.

दोन_बॅगा
कोविडची अट २०२५च्या सुरुवातीला काढली. मी यंदा जूनमध्ये जाऊन आले, कोणी विचारलंसुद्धा नाही. फ्लूची लसही कोणी मागितली नाही. उगाच खर्च करू नका.

घाटमाथा
मला फ्लूची दिली होती. तुम्हाला का नाही दिली मग? प्रत्येक ठिकाणी वेगळाच कारभार.

कृष्णाकाठ
वेगळा कारभार नाही, महिना वेगळा. फ्लूची लस १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळातच लागते. रानजाईताई ऑक्टोबरअखेर जाणार, म्हणजे त्यांना लागणार.

माझ्या बायकोचा अनुभव सांगतो. आम्ही गावात एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) घेतली आणि दहा दिवसांनी मुंबईला गेलो. तिथे कांजिण्यांची लस टोचायला डॉक्टरांनी नकार दिला. दोन्ही जिवंत लशी (दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंच्या), एक तर एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये २८ दिवस जायला हवेत. शेवटी त्या रकान्यात 'पुरेसं अंतर नाही' असं लिहून फॉर्म पुढे गेला, व्हिसाही आला. पण ते कळेपर्यंत दोघं रडकुंडीला आलो होतो. त्यामुळे मीही म्हणेन, मुंबईतच घ्या.

न्यूजर्सीची_आजी
पोरी, घाबरू नकोस. मी ६६व्या वर्षी हे सगळं केलं, मुलाने बोलावलं तेव्हा. मला न्यूमोनियाचीसुद्धा दिली, माझ्या वयाला लागते म्हणून. कावीळ ब माझ्या वयाला लागली नाही, ती ५९ वर्षांपर्यंतच. दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही. आता नातवाला शाळेत सोडायला मीच जाते. इथे येताना गोडा मसाला जास्त आण, इथला काळपट आणि बेचव असतो.

दोन_बॅगा
आजी, एडिसनला चांगला मिळतो की!

न्यूजर्सीची_आजी
एडिसनचाच आणून बघितला, म्हणून तर सांगते.

शेणोली_स्टेशन
माझी तक्रार लशींबद्दल नाही, एक्स-रेबद्दल आहे. लहानपणी टीबी झाला होता, पूर्ण औषध घेतलं होतं, बरा झालो होतो. एक्स-रेत जुना डाग दिसला आणि तीन दिवस बेडका तपासायला द्यावा लागला. कल्चरचा (जंतू वाढतात का ते बघण्याचा) रिपोर्ट यायला आठ आठवडे. इंटरव्ह्यू पुढे ढकलला, बायको तिकडे एकटी बाळंत झाली. मला कोणी आधी सांगितलं नाही की जुने एक्स-रे आणि औषधाचे कागद सोबत न्यावेत. घरात कोणाला टीबी झाला असेल तर मेडिकल शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

घाटमाथा
धाग्याचा विषय लशींचा आहे.

शेणोली_स्टेशन
मेडिकल एकच असतं दादा.

बालरोगवाला
मी डॉक्टर आहे, पण पॅनलवरचा नाही. माझ्याकडे दर वर्षी अशी दोन-चार माणसं येतात, म्हणून लिहितो.

सगळे डोस पूर्ण असायला हवेत अशी अट नाही. वयाला लागू असलेल्या प्रत्येक लशीचा निदान एक डोस झालेला असावा. कावीळ ब-चे डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात. त्यातला पहिला घेतला असेल आणि पुढच्याची वेळ आली नसेल तर तेवढं पुरतं. सहा महिने वाट पाहत बसू नका.

जखम झाल्यावर घेतलेलं टीटी (नुसत्या धनुर्वाताचं) इथे चालत नाही, कारण त्यात घटसर्पाची लस नसते. दोन्ही असलेली टीडॅप किंवा टीडी लागते. तशीच गफलत शाळेत २०१८-१९ला दिलेल्या गोवर-रुबेला लशीबद्दल होते. धाकट्या भावंडांचे कागद नेणाऱ्यांनी पाहून ठेवा, त्या लशीत गालगुंड नाही. एमएमआर वेगळी घ्यावी लागते.

कांजिण्या झाल्या असतील तर रक्तातलं टायटर, म्हणजे त्या रोगाविरुद्धच्या अँटिबॉडीचं प्रमाण, तपासा. अँटिबॉडी निघाल्या तर लस नको.

इथे घेतलेल्या लशी चालतात. कागदावर पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, लशीचं नाव, दिल्याची तारीख, बॅच नंबर, सही आणि शिक्का हवा. 'सर्व लशी दिल्या आहेत' असं एका ओळीचं पत्र आणू नका.

आणि ताई, हे विचारावंच लागतं. दिवस गेल्याची थोडीही शंका असेल तर एमएमआर आणि कांजिण्यांची लस घेऊ नका. घेतल्यावरही महिनाभर थांबायचं असतं. गरोदर असाल तर पॅनल डॉक्टर त्या दोन लशी 'सध्या योग्य नाहीत' असं लिहून पुढे पाठवतात, त्यापायी व्हिसा नाकारत नाहीत.

घाटमाथा
टायटरला पैसे, रिपोर्टला दिवस. त्यापेक्षा लस टोचून मोकळं व्हावं. मुंबईत.

कृष्णाकाठ
अनुमोदन. मुंबईत.

दोन_बॅगा
मीही मुंबईच म्हणेन. तुमच्या कागदावर त्यांनी शंका काढली तर तिथे परत टोचतील, म्हणजे डबल खर्च. माझ्या मैत्रिणीच्या कागदावर तारीख खोडलेली होती, म्हणून टीडॅप परत घ्यावी लागली.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मी सांगलीतच घ्यायचं ठरवलं आहे.

कारण आधीच सांगायला हवं होतं. मला इंजेक्शनने चक्कर येते. कॉलेजात रक्तदान शिबिरात पडले होते, हनुवटीला तीन टाके आहेत. परक्या शहरात, रांगेत, एका दिवसात रक्त आणि चार-पाच सुया मला झेपणार नाहीत. इथले डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात, आडवं झोपवून टोचतात, नंतर अर्धा तास उठू देत नाहीत. आई सोबत असेल. प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह आहे.

घाटमाथा
तुझी मर्जी. पण मी सांगितलं होतं हे लक्षात ठेव.

रानजाई
मेडिकल झाली, म्हणून लिहिते. कांजिण्यांचं टायटर पॉझिटिव्ह आलं, ती लस वाचली. टीडॅप, एमएमआर, कावीळ ब-चा पहिला डोस आणि फ्लू असं दोन खेपांत सांगलीत घेतलं. टायटर धरून साडेसहा हजारांच्या आत बसलं. मुंबईत त्यांनी कागद भिंगातून पाहावा तसा पाहिला, एका बॅच नंबरबद्दल विचारलं. मी लशीच्या रिकाम्या खोक्याचा फोटो फोनमध्ये ठेवला होता, तो दाखवला. कागद मान्य झाला. शेणोली_स्टेशन, तुमच्यामुळे वडिलांच्या टीबीचे कागद नेले होते. माझा एक्स-रे स्वच्छ निघाला, पण ते हातात होते म्हणून धीर होता.

बालरोगवाला
खोक्याचा फोटो ही चांगली युक्ती. माझ्याकडे येणाऱ्यांना आता सांगेन. कावीळ ब-चा दुसरा डोस महिन्याने घ्या, व्हिसासाठी लागला नाही तरी.

न्यूजर्सीची_आजी
शाब्बास पोरी. मसाल्याचं लक्षात आहे ना?

नवी_पहाट
मी याच धाग्यावर विचारते. माझ्या सासूबाईंचा जन्म १९५५चा. त्यांना एमएमआर लागेल का?

कृष्णाकाठ
नाही. १९५७च्या आधी जन्मलेल्यांना लागत नाही.

घाटमाथा
तरी घेऊन टाका. मुंबईत.