गोव्यात व्हीगन: काय खाल्लंत, कुठे, आणि कसं जमवलंत?

पर्वरी (धागा मीच काढलाय)

दूध-दही-तूप सोडून मला आता तीन वर्षं होतील. का सोडलं ते इथे नको, त्यावरून आपली भांडणं आधीच भरपूर झालीत. मला फक्त एवढंच हवंय की गोव्यात तुम्ही व्हीगन (म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही, दूधसुद्धा नाही) काय खाल्लंत, कुठे खाल्लंत आणि ते पानात पडेपर्यंत काय झटापट करावी लागली. कॅफेंचं लिहा, गाड्यावरच्या भज्यांचंही लिहा.

आधी माझं. वागातोरच्या 'बीन मी अप' कॅफेत पहिल्यांदा गेले तेव्हा मेनूकार्ड हातात धरून पाच मिनिटं नुसती बसून होते, कारण सगळंच व्हीगन, एकाही ओळीवर "ह्यात बटर आहे का हो" विचारायचं नव्हतं. पण सवय जाते कुठे, शेवटी एका सूपबद्दल विचारलंच आणि वेटर हसला. टोफू तोवर मी घरी रबरासारखा करून नाक मुरडत गिळत होते, तिथला खाल्ल्यावर कळलं की चूक टोफूची नव्हती.

म्हापशाला-फोंड्याला साध्या खाणावळीत मात्र 'व्हीगन' म्हटलं की समोरचा तोंडाकडे बघतो. मी 'शिवराक' (शाकाहारी) म्हणून बघितलं, तर मासळी टळते पण डाळीवर तुपाची फोडणी येतेच. आता पाठ करून ठेवलंय, "दूद ना, दंय ना, तूप ना, लोणी ना", एका दमात. समजतं सगळ्यांना.

मडगाव

मी व्हीगन वगैरे काही नाही, पण सकाळी सात वाजता भाजीपाव खाणारा प्रत्येक गोंयकार अर्धा दिवस व्हीगनच असतो असं माझं मत आहे. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची नाहीतर चण्याची, खोबऱ्याच्या वाटणातली, सुकी भाजी म्हणजे बटाट्याची, दोन्ही एका बशीत घेतली की मिक्स, वर मिरचीचं भजं, आणि पाव. पणजीत ताटो म्हणा भोसले म्हणा, मडगावात तर प्रत्येकाचं ठरलेलं दुकान असतं आणि दुसऱ्याचं दुकान कसं बिघडलंय हे सांगायला प्रत्येकाकडे वेळही असतो. पोदेराचा (पाववाल्याचा) उंडो, पोई, कात्रे पाव ह्यात दूध-अंडं सहसा नसतंच, पीठ-मीठ-पाणी आणि आता यीस्ट, पूर्वी माडाची सूर (माडी) घालून आंबवायचे. पोईवर भुसा असतो तोच काय तो.

दोन ठिकाणी फसाल. एक म्हणजे बन. गोड गोड लागतो, केळ्याचाच वाटतो, पण पिठात बहुतेक वेळा दही असतं. दुसरा चहा, कोरा मागितला तरी पोरगं सवयीने दूध ओतून आणतं, हात आडवा धरूनच बसा.

पुणे, पण दर नोव्हेंबरला काणकोणात

मी बांगड्यासाठी गोव्याला जाणारा माणूस आहे हे आधीच सांगतो. बायको दोन वर्षांपूर्वी व्हीगन झाली आणि आमच्या सहलीचा नकाशाच बदलला. आधी मासळी कुठे चांगली ते बघून हॉटेल ठरायचं, आता आगोंदला ब्लू प्लॅनेट किंवा पाळोळेकडे झेस्ट असं ती ठरवते आणि मी मागून स्कूटर चालवतो. पहिल्या दिवशी मी मुद्दाम काही मागवलंच नाही. तिच्या पानातला एक घास, मग दुसरा, मग तिने बशी स्वतःकडे ओढली. शेंगदाण्याच्या सॉसमधलं काहीतरी होतं, वर कच्च्या पपईचा कीस. दुसऱ्या दिवशी माझी वेगळी बशी होती.

एक तक्रार आहेच. ही ठिकाणं खाण्यापेक्षा बसण्यासाठी जास्त आहेत, ऑर्डर दिल्यावर पाऊण तास सहज जातो, आणि शेजारच्या गादीवर कुणीतरी डोळे मिटून बसलेला असतो त्यामुळे मोठ्याने बोलताही येत नाही. आम्ही पुणेकर, आम्हाला जेवताना बोलायचं असतं. संध्याकाळी मी माझा बांगडा खातोच, ती समोर बसून फुटी कडी (नारळाविना सोलकढी) पिते. संसार चाललाय.

आगोंद, एक सीझन किचनमध्ये होतो

नाव सांगत नाही, पण अशाच एका कॅफेत ऑक्टोबर ते एप्रिल काम केलं. महाग का महाग का असं कुणी ना कुणी म्हणणारच म्हणून आधीच सांगतो, आमच्याकडे चीज म्हणजे काजू. चार-पाच तास भिजवायचे, गंधासारखे वाटायचे, आंबवायला बिनदुधाचं विरजण घालायचं आणि फडक्यात बांधून टांगायचे, घरी श्रीखंडाला चक्का टांगतात तसेच. किलोभर काजूतून काय हाती लागतं ते बघितलं की चारशेची प्लेट चारशेला का ते कळतं.

टेंपेचं काम सगळ्यात किचकट आणि ते नव्या पोराकडे, म्हणजे माझ्याकडे. सोयाबीन भिजवून चोळून चोळून सालं काढायची, शिजवायचं, अगदी कोरडं करायचं, मग त्याला टेंपेची बुरशी चोळून भोकं पाडलेल्या पिशव्यांत दाबून भरायचं. दीड दिवसात पांढरी बुरशी सगळे दाणे एकमेकांना बांधून टाकते आणि वडीसारखे तुकडे कापता येतात. थंड देशांत ह्याला उबेचं कपाट लागतं म्हणे, आम्हाला गोव्याची हवाच पुरायची. कधी कधी काळे ठिपके यायचे. ते खराब नसतं, बुरशी जरा पुढे गेलेली असते एवढंच, पण गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून ते स्टाफच्या जेवणात. आम्ही त्याचे तुकडे रेशादच्या (मासळीला लावतात त्या लाल) मसाल्यात घोळून रवा लावून तव्यावर भाजायचो, मासळी भाजतात तसे. मेनूवर ते कधी आलं नाही, खरं म्हणजे यायला हवं होतं.

वास्को

आमच्या मुलाला दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे. आम्हाला तत्त्वबित्त काही नाही, आम्हाला फक्त तो रात्री हॉस्पिटलात न्यायला लागू नये एवढंच असतं. वाढदिवसाला कुणाकडेही गेलो की तो केकसमोर हात मागे बांधून उभा राहायचा, कुणी शिकवलं नव्हतं, आपसूकच. मागच्या वर्षी उत्तर गोव्यातल्या एका व्हीगन कॅफेत गेलो. काचेच्या कपाटात पाच-सहा केक होते. मी त्याला म्हटलं कुठलाही सांग. त्याने माझ्याकडे बघितलं, परत कपाटाकडे बघितलं, आणि म्हणाला, "कुठलाही म्हणजे?" पुढचं लिहीत नाही. चॉकलेटचा घेतला, अर्धाच खाल्ला.

पण अ‍ॅलर्जीवाल्यांनो, व्हीगन लिहिलंय म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका, त्याच किचनमध्ये दुसरं काय शिजतं ते विचारा, आणि काजू-शेंगदाणे तर तिथे जास्तच असतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) 2021 मध्ये व्हीगनसाठी वेगळं चिन्ह आणलं, हिरव्या रंगातला व्ही, ते बघायचं.

म्हापसा

माझं छोटंसं. बाजाराजवळच्या एका हॉटेलात व्हेज थाळी मागितली, मूगाची उसळ मस्त होती, अर्धी संपल्यावर दाताखाली सुकट आली. मालकांना दाखवली तर म्हणाले, "बाई, ते चवीपुरतं." भांडायला गेले होते, हसूच आलं. तेव्हापासून किसमूर, उसळ, कोबीची भाजी, काहीही समोर आलं की आधी चमचा घालून ढवळते.

फोंडा

माझी मुलगी म्यूनिकला असते. गेल्या चवथीला आली ती सांगूनच आली की आई मी आता दुधाचं काही खात नाही. मी दोन दिवस झोपले नाही हो. मग वही काढून लिहायला बसले की चवथीला आपण करतो काय काय. खतखतें, त्यात नारळ, तेफळं (तिरफळं), गूळ. मुगागाठी. आंबाड्यांचं सासंव. अळसांद्यांचं टोणाक. तांबडी भाजी. पातोळ्या. मणगणें, ते तर चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. लिहिता लिहिता बघते तर दूध कुठे आहेच कुठे, काजू तुपात परतते तेवढंच, ते तसेच घातले.

अडलं फक्त वरणभातावर. अन्नशुद्धीचं तूप वाढल्याशिवाय आमच्याकडे पान पुरं होत नाही. ह्यांनी तोंड फिरवलं होतं. शेवटी देवाच्या पानावर तूप वाढलं आणि तिच्या पानावर चमचाभर खोबरेल, आमच्या घाण्यावरचं. सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्या म्हणाल्या आमच्या लहानपणी तूप होतं कुठे रोज, खोबरेलच तर घ्यायचो भातावर. झालं, विषय संपला. मुलगी मग आम्हा दोघांना हणजूणला कुठल्याशा कॅफेत घेऊन गेली, तिथे 'कोकोनट करी बोल' म्हणून जे आलं ते मी चाखलं, बरं होतं, पण तेफळ नाही आणि मीठ कमी. ह्यांनी बिल बघितलं आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

ठाणे

सगळं वाचून भूक लागली. जुलैत येतोय चार दिवस, ही कॅफे चालू असतात का?

पर्वरी

@ठाणे, किनाऱ्याकडची बरीचशी पावसात बंद, ऑक्टोबरपर्यंत. फोन करूनच निघा. पण जुलै वाया नाही जाणार. रस्त्याकडेला पानात बांधलेली अळमी (अळंबी) दिसली की थांबा, वारुळावर येतात ती जंगली. भाव ऐकून गाडी परत सुरू कराल ते वेगळं. हल्ली ती इतकी खुडतात की पुढच्या पावसात येतील का असं वाटतं, म्हणून मी वर्षातून एकदाच घेते, शागोती (खोबरं-मसाल्याचा रस्सा) करते आणि पोई बुडवून खाते. नागपंचमी जवळ असेल तर कुणाच्या तरी घरी हळदीच्या पानातल्या पातोळ्या मिळवा, हॉटेलात शोधू नका.

@फोंडा, मणगण्याचं प्रमाण टाका ना. डाळ किती, साबुदाणा किती?

आणि सांगे-केपेकडचं अजून कुणीच नाही लिहिलंय.