जुन्या डेस्कटॉपवर गेम अडकतोय, मदत हवी आहे

मंडळी, २०१५ साली जुळवलेला डेस्कटॉप आहे. आय५ ४४६० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी. गेम लावला की पहिली दहा मिनिटं ६० एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चौकटी) छान मिळतात, मग एकदम २०-२५. तेव्हा प्रोसेसर ९८ अंशांवर गेलेला आणि वेग ३.२ वरून १.६ गिगाहर्ट्झवर उतरलेला दिसतो. ग्राफिक्स कार्ड मात्र ६५ अंशांवरच.

कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा जाड थर! ब्रशने साफ केला, तापमान जेमतेम चार अंश उतरलं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) आजवर बदललेली नाही, तीच सुकली असावी. दुकानदार मदरबोर्डच बदला म्हणतो, ते पटत नाही.

आधी पेस्ट बदलू की रॅमची दुसरी पट्टी घालू? आणि प्रोसेसरवरच्या कूलरच्या (हीटसिंक-पंख्याच्या) प्लास्टिकच्या पिना न तोडता कशा काढायच्या? मुलाला सुट्टी लागलीय, कृपया लवकर सांगा.